विद्यार्थ्यांचा रेडिओ विद्यार्थी कधी ऐकतील?

रेडिओच्या बाबतीत इंदूर हे जुनं जाणकार शहर आहे. आकाशवाणीचं इथलं केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झालं आणि नंदाजी-भेराजी या जोडीच्या माळवी गप्पांनी त्याला गावोगावी घर मिळवून दिलं. खासगी एफएमचे दिवस आले तेव्हा रेडिओ मिर्चीने आपलं अगदी पहिलं केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये इंदूरलाच उघडलं. स्वच्छतेत हे शहर वर्षानुवर्षं देशात पहिलं आलं आहे, त्यातही आवाजाचा वाटा आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की माणसं डबे घेऊन दारात येतात. अशा शहरात लालबाग, महू नाका, भंवरकुआं या भागांतल्या भाड्याच्या खोल्यांत आणि वसतिगृहांत असंख्य विद्यार्थी राहतात. कोणी धार-झाबुआकडचा, कोणी खंडवा-बऱ्हाणपूरकडची. देवी अहिल्या विद्यापीठाच्या खंडवा रस्त्यावरच्या तक्षशिला परिसरात जाता-येता त्यांच्या कानांत इअरफोन असतात आणि फोनमध्ये जगभरची गाणी. या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच विद्यापीठाचं ऑनलाइन रेडिओ केंद्र ठेवलं, तर ते त्याला आपलं म्हणतील का? मला वाटतं, ऐकायला सोपं आहे एवढ्यावरून म्हणणार नाहीत, फुकट आहे म्हणूनही नाहीत. तिथे त्यांचं काही अडलेलं सुटत असेल आणि त्यांचा स्वतःचा आवाज पोचत असेल, तरच ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडे वळतील.

आपल्याकडे कॅम्पस रेडिओची वाट न्यायालयाच्या निकालाने मोकळी झाली. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं. तरी धोरण ठरायला पुढची जवळजवळ आठ वर्षं गेली. डिसेंबर २००२ मध्ये नावाजलेल्या शिक्षणसंस्थांना छोटी एफएम केंद्रं चालवण्याची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र देशात पहिलं ठरलं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ पासून १०७.४ वर ऐकू येते. नोव्हेंबर २००६ मध्ये हे दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडलं आणि त्यातूनच म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखं केंद्र उभं राहिलं. पण या केंद्रांची कक्षा आखून दिलेली आहे. प्रक्षेपक लहान, ऐकू येण्याचा टापू दहा-बारा किलोमीटरचा, परवान्यासाठी अनेक खात्यांची दारं, आणि आकाशवाणीच्या बातम्या देण्यापलीकडे बातम्यांना बंदी. इंटरनेटवरून चालणाऱ्या केंद्राला मनोरा लागत नाही आणि लहरीही लागत नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विद्यार्थी केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं, तेव्हा ते मोठं धाडस होतं. आज एक साधा संगणक, दोन बरे मायक्रोफोन आणि ‘आइसकास्ट’सारखी फुकट मिळणारी प्रणाली एवढ्यात काम भागतं. ६४ केबीपीएस दर्जाचं प्रसारण तासभर ऐकलं तर २९ एमबीच्या आसपास डेटा जातो. निव्वळ बोलण्याचा कार्यक्रम त्याच्या निम्म्यातही नीट ऐकू येतो. शंभर जण एकाच वेळी ऐकत असले तरी सर्व्हरवर सुमारे साडेसहा एमबीपीएसइतकाच भार येतो. म्हणजे यंत्राची अडचण जवळजवळ उरलेली नाही. नेमक्या याच कारणाने आयोजकांची फसगत होते. केंद्र सुरू करणं सोपं झालं, म्हणून ते ऐकलं जाणंही सोपं झालं असेल असं त्यांना वाटतं.

माणसं नवं तंत्र का स्वीकारतात, याचा अभ्यास जुना आहे. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १५२ वापरकर्ते आणि चार संगणक प्रणाली घेऊन दोन गोष्टी मोजल्या होत्या. ही वस्तू आपल्या कामाची आहे असं माणसाला किती वाटतं, आणि ती वापरायला सोपी आहे असं किती वाटतं. दोन्हींचा वापराशी संबंध होता, पण कामाची वाटण्याचा संबंध सोपेपणापेक्षा बराच घट्ट निघाला. अवघड वस्तूही उपयोगाची असेल तर माणूस शिकून घेतो. सोपी पण निरुपयोगी वस्तू तो वापरत नाही. पुढे विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या मांडणीत भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी यांची भर घातली, आणि २०१२ मध्ये सामान्य ग्राहकाचा विचार करून आनंद, किंमत आणि सवय या तीन गोष्टी जोडल्या. रेडिओला हे सगळं लागू पडतं, आणि सवय तर सगळ्यांत जास्त. विद्यार्थ्याच्या दिवसातला ऐकण्याचा वेळ रिकामा नसतो. बसमधला अर्धा तास, जेवणानंतरचा निवांतपणा, रात्रीचा अभ्यास, या प्रत्येक जागी आधीच कोणतं तरी ॲप ठाण मांडून बसलेलं आहे. नव्या केंद्राला त्यातली एखादी जागा सोडवून घ्यावी लागते, आणि बरोबरीचं काही देऊन ती सुटत नाही. दुसरीकडे कुठेच न मिळणारं काही द्यावं लागतं.

गाणी हे ते ‘दुसरीकडे न मिळणारं’ होऊ शकत नाही. नव्या केंद्राचे उत्साही निवेदक पहिल्या आठवड्यात हिंदी चित्रपटगीतांची माळ लावतात, आणि केंद्र तिथेच हरतं. विद्यार्थ्याला हवं ते गाणं हव्या त्या क्षणी मिळत असताना तो दुसऱ्याच्या आवडीची वाट का पाहील? यात कायद्याचीही एक अडचण आहे आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या ३१-ड या कलमाने रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना ठरावीक दराने स्वामित्वशुल्क भरून गाणी लावण्याचा हक्क दिला. हा हक्क इंटरनेटवरच्या सेवांनाही आहे का, असा प्रश्न टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक ही ऑनलाइन संगीतसेवा यांच्या वादात आला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये नाही असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. म्हणजे ऑनलाइन कॅम्पस केंद्राला चित्रपटगीतं लावायची तर हक्कदारांकडून रीतसर परवानगी मिळवावी लागेल, आणि ती विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी नाही. मला ही अडचण उपकारकच वाटते. त्यामुळे केंद्राला बोलण्याकडे वळावं लागतं, स्वतःच्या परिसरातले गाणारे-वाजवणारे शोधावे लागतात.

बोलका रेडिओ लोक कधी स्वीकारतात, याचा उत्तम पुरावा महाराष्ट्राच्याच मातीत आहे, आणि त्याची आठवण आपण फार कमी ठेवली आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसएक जणांचं श्रोतृमंडळ केलं. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. केंद्राने त्यांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मदतीने याचं मूल्यमापन केलं. त्यांनी मंडळं असलेल्या गावांची तुलना मंडळं नसलेल्या गावांशी केली, आणि त्या दुसऱ्या गावांपैकी काहींत रेडिओ होताच. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ होता तिथे तशी ती दिसली नाही. यंत्र तेच आणि केंद्रही तेच; फरक पडला तो बसून बोलण्याने आणि आपला प्रश्न हवेतून परत येतो आहे हे ऐकण्याने. पुण्याच्या या यशानंतर रेडिओ श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली. कॅम्पस रेडिओवर बोलताना आपण परदेशी विद्यापीठांची उदाहरणं लगेच देतो, पण शेतकऱ्यांच्या या मंडळांनी सत्तर वर्षांपूर्वी जे दाखवून दिलं ते आजच्या वसतिगृहाला जसंच्या तसं लागू आहे. ज्याचा प्रश्न घेतला गेला तो पुढचा कार्यक्रम चुकवत नाही, आणि त्याच्या खोलीतले दोघे-तिघेही त्याच्याबरोबर ऐकतात.

आता हे इंदूरवर लावून पाहू. विद्यार्थ्याचं काय काय अडतं? परीक्षेचं वेळापत्रक बदललं का, पुनर्मूल्यांकनाची मुदत कधी संपते, शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणता दाखला जोडायचा, राज्यसेवेच्या तयारीला कुठून सुरुवात करायची, भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम मालक परत देत नसेल तर काय करायचं. यातलं निम्मं व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतं, पण खरं-खोटं एकत्र फिरतं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस मिनिटं, नाव सांगून, खात्री करून दिलेली माहिती आणि त्याच वेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, एवढा एक कार्यक्रमही केंद्राला उभं करायला पुरेसा आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाची ‘ज्ञानधारा’ ही इंटरनेटवरची श्राव्य सेवा याच तत्त्वावर बांधलेली आहे: समोर शिक्षक, आणि विद्यार्थ्याने तिथल्या तिथे प्रश्न विचारायचा.

दुसरा भाग परिसराचा. लालबागच घ्या. खान नदीच्या काठचा हा होळकरांचा राजवाडा १८८६ मध्ये बांधायला घेतला आणि १९२१ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या फाटकासमोरून रोज जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? याच आवारात मालवा उत्सव भरतो, ठिकठिकाणचे लोककलावंत येतात, आणि काही दिवस गाऊन-वाजवून परत जातात. त्यांची गाणी, त्यांच्या वाद्यांची माहिती, त्यांच्याशी दहा मिनिटांचं बोलणं, हे कुठल्याही संगीत ॲपवर मिळणार नाही. नदीची आजची स्थिती हा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मालिकेचा विषय आहे. शहरातली महाराष्ट्र साहित्य सभा, ‘सानंद’चे नाट्यप्रयोग, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरांची हिंदी-माळवीने रंगलेली बोली, हाही साठा आहे. त्यात मला भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. निमाडातून आलेल्या मुलीला तिच्या बोलीत बोलणारा निवेदक भेटला, तर ते केंद्र तिच्यासाठी त्या क्षणापासून वेगळं होतं. मोठ्या व्यापारी केंद्राला भिली, निमाडी किंवा इंदुरी मराठीसाठी वेळ काढणं परवडत नाही. छोट्या केंद्राला ते परवडतं, कारण त्याला लाखो श्रोते नकोच आहेत.

‘आम्ही पाहणी केली, बहुसंख्य विद्यार्थ्यांना कल्पना आवडली,’ असं सांगितलं जातं तेव्हा मात्र सावध राहायला हवं. वर्गात प्राध्यापकांनी वाटलेल्या प्रश्नावलीत ‘विद्यापीठाचा रेडिओ तुम्ही ऐकाल का?’ असं विचारलं तर सभ्य विद्यार्थी ‘हो’ म्हणतो. ते उत्तर त्याच्या इच्छेचं असतं, वागण्याचं नसतं. तंत्रस्वीकारावरच्या अभ्यासांचीही ही उणीव आहे. त्यातले पुष्कळसे हेतूवर थांबतात. ऑनलाइन केंद्राला इथे एफएमपेक्षा मोठा फायदा आहे. कोणत्या क्षणी किती जण ऐकत होते, किती मिनिटं टिकले, कोणत्या कार्यक्रमाला निघून गेले, हे सर्व्हर नोंदवून ठेवतो. पहिल्या दिवशी उत्सुकतेने आलेले पाचशे जण हा स्वीकार नव्हे. तीन महिन्यांनी, परीक्षा नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी चाळीस जण वीस मिनिटं ऐकत असतील, तर त्याला मी स्वीकार म्हणेन. त्याहूनही खरी खूण म्हणजे किती जणांनी प्रश्न पाठवला, किती जण ध्वनिमुद्रणाला आले. या नोंदी ठेवताना कोणी काय ऐकलं हे नावानिशी साठवू नये, एवढं पथ्य मात्र पाळायलाच हवं. विद्यापीठ आपल्यावर नजर ठेवतं असं एकदा वाटलं की विद्यार्थी परत येत नाही.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, आता पॉडकास्ट आहे. ठरलेल्या वेळी ऐकण्याचा हट्ट कशाला? कार्यक्रम झाल्यावर तो ध्वनिफितीच्या रूपात ठेवावाच, बहुतेक जण तो तसाच ऐकतील, हे मला मान्य आहे. पण एकाच वेळी ऐकण्यात एक गोष्ट आहे जी साठवलेल्या फितीत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता विषयाचे प्राध्यापक शेवटच्या शंका घेत असतील, तर त्या वेळेलाच किंमत आहे. महाविद्यालयांच्या क्रिकेट सामन्याचं धावतं वर्णन, युवा महोत्सवाचा निकाल, अचानक पुढे ढकललेला पेपर, हे सगळं त्या-त्या क्षणाचं आहे. दिवसाचे चोवीस तास भरण्याचा अट्टहास मात्र सोडून द्यावा. रोजचा एक तास जिवंत आणि बाकीचा साठा मागणीनुसार, हे प्रमाण विद्यार्थ्यांच्या केंद्राला झेपणारं आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. इंटरनेटवर गेलेलं केंद्र विद्यापीठाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीला विसरतं. कम्युनिटी रेडिओ ज्या विचारातून आला त्यात भोवतालचा समाज केंद्रस्थानी होता. भाजीवाली, रिक्षावाला, सफाई कामगार यांनीही तो ऐकावा, त्यावर बोलावं, अशी कल्पना होती. एफएम संचाला डेटा लागत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका असं सुचवलं, तेही याच कारणाने. आपत्तीत इंटरनेट पडलं तरी एफएम चालू राहतं. हे सगळं खरं आहे. म्हणून ज्या विद्यापीठाला एफएमचा परवाना मिळवणं शक्य आहे त्याने तो जरूर मिळवावा. पण इंदूरच्या विद्यार्थ्याचा भूगोल पाहा. दिवाळीच्या सुट्टीत तो झाबुआला जातो, ती बऱ्हाणपूरला जाते. एफएमची लहर शहराची वेस ओलांडत नाही. बाहेरगावच्या संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थी तर कधीच त्या टापूत नसतात. त्यांना जोडायचं तर ऑनलाइनच हवं. शिवाय दोन वर्षं ऑनलाइन चालवून दाखवलेलं केंद्र परवान्याचा अर्ज करतं तेव्हा त्याच्याकडे कार्यक्रम असतात, माणसं असतात, सराव असतो. आधी मनोरा उभारून मग त्यावर काय बोलायचं ते शोधण्यापेक्षा हा क्रम शहाणपणाचा आहे.

तिसरा आक्षेप टिकण्याचा. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात, उत्साही गट पदवी घेऊन बाहेर पडला की केंद्र ओस पडतं. यावर उपाय म्हणून विद्यापीठं केंद्र प्रशासनाच्या हाती देतात, आणि मग त्यावरून कुलगुरूंची भाषणं, उद्घाटनांचे वृत्तान्त आणि दिनविशेष ऐकू येऊ लागतात. विद्यार्थी ते ऐकत नाहीत, आणि दोष ‘आजच्या पिढी’वर येतो. कॅम्पस रेडिओचा एक गाजलेला आरंभ याच्या नेमका उलट आहे. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात १९३६ मध्ये जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या खोल्या तारांनी जोडून आपलं केंद्र सुरू केलं. ऐकणारे आणि बोलणारे एकाच परिसरात राहत होते. संस्थेचा आधार हवा, पण तो खोली, वीज, इंटरनेट, एक पगारी तंत्रज्ञ आणि कायद्याचा सल्ला यांपुरता. इंदूरच्या विद्यापीठात शैक्षणिक चित्रफिती बनवणारं माध्यम संशोधन केंद्र आहे, पत्रकारिता विभाग आहे. ध्वनिमुद्रणाचं ज्ञान शोधायला लांब जावं लागत नाही. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना आत घेणं आणि जुन्यांनी त्यांना सहा महिने हाताशी धरून शिकवणं ही रीत पडली तर गळतीची भीती कमी होते. कामाचे श्रेयांक मिळाले तर पालकांचीही तक्रार राहत नाही.

स्वातंत्र्याचा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. ग्रंथालय रात्री लवकर बंद का होतं, वसतिगृहातल्या मुलींना वेळेचं वेगळं बंधन का, हे विद्यार्थ्यांचे खरे प्रश्न आहेत. ते केंद्रावर आले नाहीत तर विद्यार्थी ते केंद्र ओळखतच नाहीत. ऑनलाइन केंद्राला एफएम परवान्यातली बातम्यांवरच्या बंदीची अट लागू नाही, पण २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आणि बदनामीचा कायदा आहेतच. म्हणून लेखी आचारसंहिता आधीच असावी: आरोप करण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला विचारायचं, खासगी माणसाचं नाव घ्यायचं नाही, चूक झाली तर त्याच वेळी, त्याच कार्यक्रमात दुरुस्ती द्यायची. ही संहिता विद्यार्थी, शिक्षक आणि एक बाहेरचा अनुभवी पत्रकार यांनी मिळून करावी, आणि तिच्या चौकटीत विद्यार्थ्यांना कोणी रोज परवानगी विचारायला लावू नये. काही अधिकाऱ्यांना त्यात धोका दिसेल. मला त्यात फायदा दिसतो. तक्रार निनावी मीममधून फिरण्यापेक्षा नावानिशी, उत्तरासकट ऐकू येणं केव्हाही बरं.

इंदूर असो, पुणे असो की नांदेड, ज्या विद्यापीठांत असा विचार चालू असेल तिथल्या मंडळींना एवढीच विनंती आहे. स्टुडिओच्या काचा आणि उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी दोन महिने वसतिगृहांत, खोल्यांत, बस थांब्यांवर विद्यार्थ्यांना विचारा: तुमचं काय अडतं, आणि तुम्ही स्वतः काय सांगू शकाल? त्यातले वीस जण निवडा आणि पहिल्या सत्राच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक त्यांच्याच हाती द्या.